पहिला ठोका कुणाचा

माघ उतरणीला लागला की पुण्यात सकाळी स्वेटर घालून निघालेली माणसं दुपारी तो कमरेला गुंडाळून परत येताना दिसतात. कडुनिंबाची पिवळी पानं स्कूटरच्या सीटवर मालकाच्या आधी येऊन बसतात. झेरॉक्सच्या दुकानांपुढे परीक्षेची गर्दी होते. आणि मला कात्रजहून बस पकडून कसबा पेठेत जायची हुक्की येते. घरी मी सांगतो, तांब्याचा बंब बघून येतो. बरीच वर्षं मी बंब बघतो आहे. मधल्या काळात गच्चीवर सोलर बसला, त्याची हमीसुद्धा संपली, तरी माझं बंब बघणं चालूच आहे. बायको आता काही विचारत नाही. "बंबाला माझा नमस्कार सांगा," एवढंच म्हणते.

तांबट आळीच्या तोंडाशी मी उभा राहतो आणि ऐकतो. इतक्या हातोड्या एकदम पडत असतात की पहिल्यांदा नुसता गलका वाटतो. जरा थांबलं की कान निवडायला लागतो. हा घंगाळाच्या बुडावरचा, जाड. हा तांब्याच्या गळ्याशी, बारीक आणि घाईचा. हा कुणीतरी पुढे काय करायचं याचा विचार करता करता नुसताच ऐरणीवर मारतोय. मध्येच कुठेतरी कल्हई लागते, नवसागराचा पांढरा धूर जमिनीलगत पसरतो, आणि क्षणभर आळीतली माणसं कमरेखाली नाहीशी होतात. वरचं अंग ठोके देत राहतं.

यंदा मी असाच उभा होतो. मागच्या रस्त्यावरून एक बुलेट गेली आणि तिच्या सायलेन्सरमधून फाडकन आवाज निघाला. आणि सगळ्या हातोड्या एकदम थांबल्या.

त्या थांबण्याबद्दल लिहायचं आहे. पण त्यासाठी मला माझ्या एलएलएमच्या शेवटच्या वर्षात जावं लागणार, आणि तिथे माझी अब्रू फारशी शिल्लक नाही.

मी वर्ध्याकडचा. आमच्या घरी बैठकीच्या भिंतीवर निळ्या कोटातली एक तसबीर आहे. तिच्याखाली उभं राहून एखादं पोरगं 'मी वकील होणार' असं बोलून गेलं, की त्याला आयुष्यात दुसरं काही व्हायची मोकळीक उरत नाही. मी ते वाक्य लहानपणी एका लाडवासाठी बोललो होतो. पुढचं सगळं आपोआप होत गेलं. पुण्यात आलो तेव्हा आंतरराष्ट्रीय गुन्हेगारी कायदा हा विषय मी हौसेने निवडला. माझी समजूत अशी, की गुन्हा करून परदेशात पळालेल्या माणसाला धरून आणायचं, आणि जायचं-यायचं विमानभाडं सरकारचं. पहिल्याच तासाला मॅडमनी फळ्यावर लिहिलं: नरसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे, आक्रमण. मी शेजारच्या मुलीला हळूच विचारलं, "आणि चेक बाउन्स?"

ती गौरी, सदाशिव पेठेतली. मान न वळवता तिने सांगितलं, "तो पलीकडच्या वर्गात. जा तू, जागा असेल."

मी गेलो नाही. जायला हवं होतं, असं पुढे बऱ्याचदा वाटलं.

कॉलेजने तांबट आळीला चिकटून असलेल्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या होत्या. तिला आम्ही लॅब म्हणायचो. लांबच्या एका देशात लढाई होऊन गेली होती आणि परदेशातली एक चौकशी संस्था तिचे पुरावे जमवत होती. त्या शहराचं नाव सांगायची मुभा मला तेव्हा नव्हती, आजही नाही. आम्ही त्याला नुसतं 'तिकडे' म्हणायचो. तिकडच्या लोकांनी मोबाइलवर टिपलेले तुकडे आमच्याकडे यायचे, आणि तो तुकडा नेमका कुठला, कुठल्या वेळचा, ते आम्ही शोधायचं. सावल्या मोजायच्या, डोंगराची कड जुळवायची, पाण्याच्या टाक्या आणि विजेचे खांब उपग्रहाच्या चित्रात हुडकायचे. "पुराव्याला कोर्टात उभं राहायचं तर पायाखाली जमीन लागते," मॅडम म्हणायच्या. "ती जमीन तुम्ही शोधा."

मी शोधायचो. पहिल्या महिन्यात मी एक मशिदीचा मनोरा शोधून काढला, तो पाण्याची टाकी निघाला. मग एका तुकड्यातल्या सावल्यांवरून मोठ्या कष्टाने वेळ काढली, आणि चित्र उलटं धरलं होतं हे नंतर कळलं. गौरीने ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. "सुगतच्या मते त्या दिवशी तिकडे सूर्य पश्चिमेला उगवला. मॅडम, हा स्वतंत्र आंतरराष्ट्रीय गुन्हा धरायचा का?"

आईचा फोन यायचा. "कोनाच्या बाजूनं लढतं रे तू तिथं?"

"कोणाच्याच नाही, आई. व्हिडिओ पाहतो."

"व्हिडिओ पाहाले पुन्याले गेला काय बाप्पा? इथं का मोबाइल नव्हता घरात?"

मी रेंज गेल्याचं सांगून फोन ठेवायचो.

लॅबच्या समोरच्या घरात दाते काका राहायचे. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं जोडून दिलं, आता स्वतः बोलायचं, असं त्यांनी ठरवलेलं दिसत होतं. जिन्यात गाठून ते आमचा अभ्यास तपासायचे. त्या आठवड्यात आम्ही वरिष्ठाची जबाबदारी शिकत होतो. हाताखालच्या सैनिकांनी गुन्हा केला, आणि तो वरच्या अधिकाऱ्याला ठाऊक होता किंवा ठाऊक असायला हवा होता, आणि तरी त्याने काही केलं नाही, तर तोही दोषी. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे 'मला ठाऊक नव्हतं' हे म्हणून भागत नाही?"

"नाही, काका."

"ठाऊक असायला हवं होतं, तरी आत?"

"तसंच काहीसं."

"उत्तम कायदा आहे. मग आमच्या सोसायटीच्या चेअरमनपासून सुरुवात करा. जिन्यातला दिवा गेलाय, हे त्यांना ठाऊक असायला हवं होतं."

एकदा मी त्यांना विचारलं, या ठोक्यांत तुम्हाला दुपारची झोप लागते तरी कशी? ते म्हणाले, "अहो, ठोके चालू आहेत तोवरच लागते. थांबले की मी दचकून उठतो." मला ते पुणेरी आडमुठेपण वाटलं. मी हसलो होतो.

लॅबचे नियम होते. कुठलाही तुकडा पहिल्यांदा आवाज बंद करून बघायचा, तोही लहान चौकटीत. मग चित्र झाकून नुसता आवाज ऐकायचा. दोन्ही एकदम अंगावर घ्यायचं नाही. एकट्याने बघायचं नाही. आणि बघून झाल्यावर खाली उतरून काहीतरी खरं पाहून यायचं: एखादी भाजीची गाडी, कुणाचं भांडण, काहीही. हा शेवटचा नियम मला फार आवडायचा, कारण त्यात चहा बसत असे. शिवाय मूळ तुकड्याला कुणी हात लावायचा नाही, तो कुलपात. काम त्याच्या धुतलेल्या प्रतीवर. म्हणजे संगणकाने आधी वारा, घरघर, मागची खुडबुड सगळं पुसून काढायचं, की माणसांचं बोलणं स्वच्छ ऐकू येतं.

फाल्गुन लागता लागता तो तुकडा आला.

चित्र फार थोडं आहे. एक आवार, सिमेंटच्या ठोकळ्यांची भिंत, निळं लोखंडी फाटक. चौकडीच्या शर्टातला एक माणूस भिंतीकडे चालत जातो. कुणीतरी मागून काही म्हणतं, तेव्हा तो वळतो. आणि वळल्यावर आपली कॉलर नीट करतो. स्टुडिओत फोटो काढायला बसल्यावर करतात तशी. मग कॅमेरा खाली जातो, आवारातली माती दिसत राहते, आणि पुढचं सगळं फक्त आवाजात आहे.

त्या कॉलरीने मला फार छळलं. लग्नाच्या हॉलमध्ये, बसस्टॉपवर, आरशात, कुणी कॉलरीला हात लावला की मी भिंत शोधायला लागायचो. बुधवार पेठेतून जाताना वरच्या गच्च्यांच्या कडा आपोआप जुळवल्या जायच्या. कुठल्या खांबाची सावली कुठे पडली यावरून मी घड्याळ न बघता वेळ सांगू लागलो. भर बाजारात, मंदिराच्या रांगेतल्या गर्दीत, अचानक वाटायचं की हेही कुणीतरी लांब बसून लहान चौकटीत, आवाज बंद करून बघतंय. आणि आपण कुठे आहोत, हे त्याला अजून सापडलेलं नाही.

चौकशी संस्थेने त्या शहरातल्या तीन जागा काढल्या होत्या: एक जुनी शाळा, एक शीतगृह, एक मालमोटारींचा अड्डा. तिन्ही आवारं एकाच कंत्राटदाराने बांधलेली असावीत. तीच भिंत, तेच निळं फाटक. लढाईच्या त्या दिवसांत तिन्हींवर वेगवेगळ्या अधिकाऱ्यांचा ताबा होता. जागा ठरली की अधिकारी ठरणार. पण हे झालं कायद्याचं. खरी निकड दुसऱ्याच कुणाची होती, ती आम्हाला एका दुपारी कळली.

त्या माणसाची बहीण दुसऱ्या देशात आसऱ्याला होती. तिचा व्हिडिओ कॉल झाला तेव्हा मॅडमनी आम्हाला मागे, कॅमेऱ्यात न येता बसू दिलं. पडद्यावर चेहरा नव्हता, तिच्या सुरक्षिततेसाठी नुसती काळी चौकट होती. त्या चौकटीतून एक जाड, खर्जातला पुरुषी आवाज आला: "मी त्याची बहीण आहे."

मी दचकलो. खुर्चीसकट.

तो दुभाषा होता. कोर्टाच्या कामातला दुभाषा 'ती म्हणते' असं म्हणत नाही. बोलणाऱ्याचं 'मी' जसंच्या तसं स्वतःच्या तोंडात घेतो. मला हे पुस्तकातून पाठ होतं, परीक्षेत त्यावर गुणही पडले होते. पण आवाजावरून साठीच्या घरातला एक बाप्या शांत इंग्रजीत सांगत होता, "मी त्याला तो शर्ट घेऊन दिला होता," आणि त्याच्या मागून, अर्धा श्वास आधी, एक बारीक बायकी आवाज अनोळखी भाषेत विहिरीच्या तळाशी बोलल्यासारखा ऐकू येत होता. आपण नेमकं कुणाकडे बघायचं, हेच मला उमगेना.

"माझी आई रोज विचारते," तो पुरुषी आवाज म्हणाला. "तो गेला का, असं ती विचारत नाही. ते तिला ठाऊक आहे. ती फक्त विचारते, कुठे. मी तिला तीन जागा कशा सांगू?"

कॉल संपला. खाली आळीत ठोके चालू होते. गौरी उठून खिडकीपाशी गेली आणि उगाच तिची कडी तपासत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही प्रत्येकाने तो तुकडा स्वतंत्रपणे ऐकून आपापली निरीक्षणं लिहायची होती. माझ्या हेडफोनचा एक कान चालत नव्हता. बुधवार पेठेतल्या दुकानात दाखवला, तर दुकानदार म्हणाला, "लग्न झालंय?" मी म्हटलं, नाही. "मग दोन्ही कशाला हवेत आत्ताच?" त्याच्यामागच्या भिंतीवर ओळीने लावलेले टीव्ही मुके चालू होते, आणि सगळ्यांत तोच एक माणूस काहीतरी विकत होता. मला तिथून पटकन निघावंसं वाटलं. तसाच एककानी परत आलो आणि ऐकायला बसलो.

मी लिहिलं: मागे धातूवर धातूचे ठोके, लयीत, अनेक हातांचे, सतत.

गौरीने ते वाचलं. आधी माझ्याकडे बघितलं, मग खिडकीकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"सुगत, खिडकी उघडी आहे."

"हो."

"खाली तांबट आळी आहे."

"हो."

"तू कसबा पेठेला युद्धक्षेत्र घोषित केलंयस."

लॅबमध्ये जे हसू फुटलं त्यात मीही सामील झालो. दुसरं करणार काय? मॅडमनी आपल्या संगणकावर तुकडा लावून ऐकला. बोलणं होतं, पावलं होती, ठोके नव्हते. बाकी कुणालाच ऐकू आले नव्हते. त्यांनी माझं वाक्य खोडलं, आणि न रागावता म्हणाल्या, "सुगत, चांगला हेडफोन घ्या. मी सांगते ऑफिसला." त्यांचं ते न रागावणं मला जास्त लागलं. त्या दिवसापासून माझं नाव तांबट पडलं. काकांना कुणी सांगितलं कोण जाणे. जिन्यात भेटले तर म्हणाले, "काय, आमच्यावर खटला कधी भरताय?"

मी ऐकणं सोडायला हवं होतं. पण खोडलेलं वाक्य जिभेवर आलेल्या फोडासारखं असतं, पुन्हा पुन्हा तिथेच जीभ जाते. मी रोज एकदा तो तुकडा लावायचो आणि रोज ठोके ऐकू यायचे. खिडकी लावली तरी यायचे. आळीचे आहेत, भिंतीतून येतात, असं मी स्वतःला बजावायचो.

मग एक दुपार अशी आली. जिना चढताना काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. काय, ते कळेना. आपली चप्पल वाजतेय, एवढंच कळत होतं, इतकी ती कधी वाजली नव्हती. तिसऱ्या मजल्यावर काकांचं दार उघडं होतं आणि काका दारात उभे. दुपारच्या त्या वेळी त्यांना जागं मी प्रथमच पाहिलं.

"आळीतले एक म्हातारे गेले सकाळी," ते म्हणाले. "सगळ्यांनी बंद ठेवलंय." आणि मग, नेहमीचा तिरकसपणा विसरून, "कसं भकास वाटतंय, नाही?"

लॅबमध्ये गौरी एकटीच होती. मी खुर्चीत बसलो, हेडफोन लावला, तुकडा सुरू केला.

ठोके चालू होते.

मी हेडफोन काढला. शांतता. कानात कापूस घातल्यासारखी. खिडकीतून वाकून पाहिलं: फळ्या लावलेली दुकानं, एका ओट्यावर पांढऱ्या टोप्या घालून बसलेली चार माणसं, ऊन, आणि त्या उन्हात फिरणारं एक कडुनिंबाचं पान. परत येऊन हेडफोन लावला. टण्, टण्, टिण्, टण्. अनेक हातांचे. सतत.

"गौरी," मी म्हटलं. माझा आवाज मला दुभाष्यासारखा वाटला, मागून दुसरंच कुणी आधी बोलल्यासारखा.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि चेष्टा केली नाही, यावरून माझं तोंड कसं झालं असेल ते मला समजलं. तिने तिच्या संगणकावर तुकडा लावला. ऐकला. "काही नाही रे," ती म्हणाली. मी माझा हेडफोन तिच्या हातात दिला. तिने तो कानाला लावला आणि लावला तशी हळूच उठून उभी राहिली.

 एका यंत्रात ती ठोके देणारी माणसं होती आणि दुसऱ्यात नव्हती. वकिली शिकणाऱ्या दोन प्रौढ माणसांना त्या क्षणी जे वाटलं ते मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर दोघांची सनद जाईल.

मग तिने फाईलचं नाव वाचलं. मी पहिल्या दिवसापासून चुकीची प्रत उघडत होतो. धुतलेली नव्हे, धुवायला ठेवलेली. लॅबमध्ये सगळ्यांनी स्वच्छ केलेला तुकडा ऐकला होता. संगणकाने वारा पुसला, घरघर पुसली, आणि मागे लयीत चाललेली ती खुडबुडही यंत्राचा आवाज समजून पुसून टाकली. तिकडच्या सबंध आळीला आम्हीच धुऊन काढलं होतं. उरली होती ती फक्त एका गबाळ्या माणसाच्या गबाळेपणात.

"हे ऐकलंस का?" गौरीने एका ठिकाणी बोट ठेवलं. "इथे."

मी ऐकलं होतं, पण कान दिला नव्हता. कॅमेरा मातीकडे जातो. मग तो आवाज येतो, एकच, कोरडा. आणि भिंतीपलीकडच्या सगळ्या हातोड्या एकदम थांबतात.

सगळ्या. एकही रेंगाळत नाही.

पुढे एक शांतता आहे. मी ती मोजलेली नाही, मोजायचं मनात आलं तरी ती मोजता येत नाही. मग त्या शांततेत एक ठोका पडतो. अगदी हलका, दार वाजवावं की नाही अशा विचाराने वाजवल्यासारखा. मग दुसरा. मग बाकीचे सगळे त्यावर तुटून पडतात, आधीपेक्षा जोरात, आधीपेक्षा घाईने.

"त्यांनी ऐकलं होतं," गौरी म्हणाली.

मी तो तुकडा कितीदा पाहिला असेल. त्यात तो माणूस होता, त्याला मारणारे होते, आणि लांब पुण्यात बसून बघणारे आम्ही होतो. भिंतीच्या पलीकडे आणखी कुणी बसलेलं आहे, आमच्यासारखंच श्वास धरून, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं.

मॅडमनी मूळ तुकडा कुलपातून काढायला लावून तोही ऐकला. मग कामाला सुरुवात झाली. शाळेजवळ नुसती घरं. अड्ड्याजवळ शेतं. शीतगृहाच्या मागच्या भिंतीला लागून मात्र एक अरुंद, वरून झाकलेली गल्ली, आणि लढाईच्या आधी कुणी हौशी प्रवाशांनी टाकलेल्या फोटोंत त्या गल्लीच्या दोन्ही बाजूंना टांगलेल्या तांब्याच्या पराती, सुरया, पाणी तापवायची भांडी. आमचा अहवाल गेला तेव्हा माझं खोडलेलं वाक्य त्यात परत होतं. मॅडमनी स्वतः टाइप केलं होतं. "तांबट," त्या मला प्रथमच म्हणाल्या, "चहा घ्या."

मी खाली उतरलो. आळी पुन्हा वाजायला लागली होती. चहा थंड होईपर्यंत मी तिथेच उभा राहिलो. काहीतरी खरं पाहून यायचं, हा नियम होता. पण आता ते खरं मला दोन्हीकडे ऐकू येत होतं.

तो पहिला ठोका कुणाचा असेल? या एका प्रश्नाने मला परीक्षेत नापास करायचं तेवढं शिल्लक ठेवलं. पेपरात वरिष्ठाच्या जबाबदारीवर प्रश्न होता, आणि 'ठाऊक होतं किंवा ठाऊक असायला हवं होतं' हे वाक्य लिहून मी बराच वेळ पुढे काही लिहिलंच नाही. कुणीतरी आधी हात उचलला. थांबलेल्या हातोड्या भिंतीपलीकडच्या बंदुकवाल्यांना ऐकू येतील, यांनी ऐकलं हे त्यांना कळेल, म्हणून त्याने उचलला असेल. भीतीने, शहाणपणाने की दुसऱ्यांना वाचवायला? की हातात तापलेलं तांबं होतं आणि ते निवून चाललं होतं, एवढंच? साक्षीदार तो होता. खरा साक्षीदार तोच. आणि त्याची साक्ष एवढीच, की मी काही ऐकलं नाही, मी काम करतो आहे.

पुढे मी पास झालो, कसाबसा. लग्न झालं, दोन्ही कान चालणारा हेडफोन आला. त्याच विषयाचे तास घ्यायला लागलो. वर्गात खडू अडखळला की मुलं वर बघतात आणि मी त्या मधल्या जागेत अडकतो. घरी कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये अडकतो. "काय ऐकताय?" बायको विचारते. मी म्हणतो, बंब.

काही वर्षांनी मॅडमचा फोन आला. त्या बहिणीला 'ज्यांनी आवाज ऐकला' त्यांच्याशी बोलायचं होतं. पुन्हा काळी चौकट, आणि योगायोगाने पुन्हा तोच दुभाषा. थोडा म्हातारा झालेला, पण खर्ज तोच. "मी जाऊन आले," तो म्हणाला. शीतगृहाच्या आवारात, भिंतीलगत, भाऊ सापडला होता. आणखीही काही जण सापडले होते. "शर्टावरून मी ओळखलं. आई आता विचारत नाही. तिला मी तिथली मूठभर माती नेऊन दिली. ती उशाशी ठेवते." त्या अधिकाऱ्यावरचं प्रकरण पुढे सरकत होतं, कोर्टाच्या चालीने. त्याबद्दल ती फार बोलली नाही.

"मग मी मागच्या गल्लीत गेले," तो आवाज म्हणाला. "सगळे काम करत होते. मी मध्यभागी उभी राहिले आणि विचारलं, त्या दिवशी पहिला ठोका कुणी दिला? कुणी मान वर केली नाही. पण हातोड्या थांबल्या."

मॅडमनी विचारलं, किती वेळ?

मागून तो बारीक बायकी आवाज आधी आला. मग दुभाष्याने उत्तर द्यायला जरा वेळ घेतला, जो तो कधी घेत नसे.

"तेवढाच. तुम्हाला ठाऊक आहे, तेवढाच."

"आणि मग?"

"मग एकाने सुरुवात केली. कुणी, ते मी बघितलं नाही. मी डोळे मिटून घेतले होते. बघितलं असतं तर मला कधीतरी सांगावं लागलं असतं. त्यांना अजून तिथेच राहायचं आहे."

तर यंदा, माघातल्या त्या दुपारी, बुलेट फाडकन वाजली आणि तांबट आळीतल्या हातोड्या थांबल्या. कल्हईचा धूर जमिनीलगत तसाच थांबून होता. कुठल्याशा ओट्यावर एक तांब्या अजून गुणगुणत होता, मग तोही गप्प झाला. मी आळीच्या तोंडाशी उभा. वर तिसऱ्या मजल्यावर खिडकी उघडल्याचा आवाज आला. दाते काका आता फार थकलेत, पण झोपमोड झाली की जिभेला धार येते.

"कोण आहे रे तिकडे?" वरून आवाज आला. "अहो वकीलसाहेब, तुम्हीच का? काय झालं?"

मी वर न बघता हात केला, थांबा म्हणून. 

मग एक ठोका पडला. हलका. दार वाजवावं की नाही असा. मग दुसरा, आणि मग सगळी आळी पुन्हा वाजायला लागली, होती तशी, आपल्या जुन्या, निवांत लयीत.

"कुणी सुरू केलं हो?" काका विचारत होते. उगाच. त्यांना काहीतरी बोलायचं होतं.

"पाहिलं नाही, काका," मी म्हटलं.

ते खोटं नव्हतं. माझे डोळे मिटलेले होते. ते कधी मिटले, मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असायला हवं होतं.